वाढल्या एकदाच्या!

मंडळी, सकाळी माझ्या स्टेटसवर गोल गोल बुडबुड्यांचा फोटो पाहून तुम्ही खूप हार्ट पाठवलेत. ते बुडबुडे नाहीत.

मी लॅबमध्ये उंदराच्या स्वादुपिंडातली कॅन्सरची गाठ घेऊन तिच्या पेशींपासून बशीत इवल्या इवल्या गाठी वाढवते. त्यांच्यावर औषधं तपासायची असतात. त्या ज्या जेलमध्ये वाढतात, ते वापरेपर्यंत बर्फावर ठेवावं लागतं. नागपूरच्या उन्हाळ्यात ते दोनदा वेळेआधीच घट्ट होऊन वाया गेलं. तिसऱ्यांदा जमलं आणि आज गाठी दिसल्या. "वाढल्या एकदाच्या!" लिहून फोटो टाकला.

दुपारी डबा घेऊन रामदासपेठेत दवाखान्यात गेले. माझे खापा गावचे काका तिथे भरती आहेत. जन्मभर हातमाग चालवला, आता हाच कॅन्सर. मोबाइल हातातच होता, त्यावरचा तो फोटो काकांना दिसला.

"कायचा फोटो होय वं हा?"

सांगावं लागलं.

"म्हंजे माह्या पोटात हाये तेच?"

"हो काका. पण उंदराच्या."

"अन् त्या वाढल्या म्हून तू खुश झाली?"

मी मोबाइल पर्समध्ये टाकला. मग त्यांनीच विचारलं, "औषध निघन का यातून?"

"निघन. पण लय वर्षं लागतीन."

"मंग नीट वाढव त्यायले," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

स्टेटस काढून टाकलं. डबा भरलेलाच परत आणला, दोन दिवसांपासून त्यांना अन्न जात नाही.

सांगा, फोटो टाकायला नको होता, की आनंदच व्हायला नको होता?

उद्या सकाळी त्या गाठींना ताजं खाणं घालायचंय. त्या सगळं संपवतात.