चार बदामांवर चार इस्पिक

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास अंबडच्या कोर्टामागच्या खोलीत संध्याकाळी आमचा ब्रिज रंगायचा. माझे भिडू होते ढोरांचे डॉक्टर. पानं छातीशी धरून ते डावा कान चोळू लागले, की बोली चढणार हे मी ओळखायचो. विरुद्ध जोडीकडून चार बदामांची बोली आली, की तिच्यावर यांचं चार इस्पिक ठरलेलं, मग हातात काही असो-नसो. "मंग, त्यांना फुकट सोडायचं का?" बोलीएवढे हात व्हायचे नाहीत आणि आम्ही बुडायचो. मी चिडून म्हणायचो, "डॉक्टर, कधीतरी पास म्हणा."

"पास म्हणायला घरून आल्तो का मी?"

पुढे त्यांची बदली झाली. निरोपाच्या संध्याकाळी शेवटच्या डावाला विरुद्ध जोडीकडून चार बदाम आले. डॉक्टरांनी कान चोळला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पास." मी तर कायमचाच पास. त्या जोडीने थोड्याच वेळात पानं उघडी टाकून डाव जिंकला.

डॉक्टरांनी आपली पानं मला दाखवली. इस्पिकची सहा होती. "पण तुमचं ऐकलं. बराबर केलं ना, वकीलसाहेब?"

माझ्या हातात इस्पिकची चार होती, राजा-राणीसकट. चार इस्पिक सहज झालं असतं.

"बिलकुल बराबर," मी म्हणालो आणि माझी पानं पालथीच उचलून पिसायला घेतली.