गुरुवारचा पाळणा

"मिस साळवी, एका वाक्यात सांगा. तिकीट त्या किमतीचं आहे की नाही?"

साठेसाहेबांनी बागेचं रंगीत पत्रक माझ्याकडे सरकवलं. ते आमचे पर्सोनेल मॅनेजर. समोर वर्कर्स कमिटीची माणसं बसली होती. चहा संपला होता, पण कोणी उठत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी पत्रकातल्या उंच, फिरत्या पाळण्याकडे बघत होते.

"मला अजून दोन दिवस हवेत, सर."

"रविवारी जाऊन आलात ना? मग?"

"बाई पाळण्यात बसल्याच नसत्याल," कमिटीतले नाना म्हणाले. "खालनंच रिपोर्ट लिवला आसंल."

सगळे हसले. खरं तर मी बसले होते. पण मला असं चटकन उलट उत्तर देता येत नाही. मी फक्त पत्रक उचलून फाइलमध्ये ठेवलं.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात असिस्टंट वेल्फेअर ऑफिसर म्हणून नुकती लागले होते, प्रोबेशनवर. कामगारांची संख्या मोठी असली की कारखान्याला कायद्यानं वेल्फेअर ऑफिसर ठेवावा लागतो. कॅन्टीनची डाळ पातळ का, पिण्याचं पाणी गरम का, कोणाच्या घरी काय अडचण आहे, हे बघणं त्याचं काम. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं इंग्रजी चांगलं होतं, त्याचा या कामात फारसा उपयोग नव्हता. ऐकायची सवय होती, तिचा झाला.

वर्षातून एकदा आमच्याकडे फॅमिली डे असायचा. आदल्या वर्षी बोनसच्या भांडणात तो झालाच नव्हता. त्यामुळे या वर्षी काहीतरी मोठं करायचं असं साहेबांच्याही मनात होतं आणि कमिटीच्याही. नेमकी तेव्हाच निगडीच्या पुढे मुंबई रस्त्यावरची बाग पुन्हा उघडत होती. लोक तिला पाळण्याची बाग म्हणत. बराच काळ ती बंद होती. आता 'मर्यादित दिवसांसाठी खास उद्घाटन सोहळा' होता. एका तिकिटात झुकझुक गाडी, होड्या, वेड्यावाकड्या आरशांची खोली आणि तो उंच पाळणा. तिकीट महाग होतं. अर्धे पैसे कंपनी देणार आणि अर्धे कामगारांच्या पगारातून कापले जाणार, असं ठरत होतं. म्हणून ते तिकीट त्या किमतीचं आहे का, हे बघायला मला पाठवलं होतं.

रविवारी मी पाहिलं ते चांगलं होतं. झुकझुक गाडी नुसतीच गोल फिरत होती. होड्यांच्या तळ्यात पाणी गुडघाभर होतं. पण पाळणा वर गेला आणि आमचा सगळा पट्टा खाली दिसला. शेडची छपरं, धुराडी, देहूरोडचे डोंगर. रोज ज्या गेटातून मान खाली घालून आत जायचं, ते गेट वरून बघायला मिळावं म्हणून कोणी पैसे मोजले तर मला नवल वाटलं नसतं. 'किंमत वाजवी' असं मी कच्च्या रिपोर्टात लिहूनही ठेवलं होतं.

मग मीटिंगमध्ये मी दोन दिवस का मागितले? बबन ओव्हाळमुळे.

ओव्हाळ प्रेस शॉपमधले, म्हणजे पत्रे दाबणाऱ्या खात्यातले, ऑपरेटर, राहायला दापोडीला. कमिटीत सगळ्यांत जास्त बोलणारा माणूस. चमचाभर तेलावरून ते कॅन्टीनच्या कंत्राटदाराशी तासभर भांडू शकत. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं नाही. 'गुरुवारी जायचं' असं नाना म्हणाले तेव्हा फक्त एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी स्वतः गप्प बसणारी आहे. दुसऱ्याचं गप्प बसणं मला लगेच दिसतं.

मीटिंगनंतर मी त्यांना कॅन्टीनबाहेर गाठलं.

"तुम्ही आज काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं, मॅडम? सगळ्यांच्या घरी पोरं आत्तापासून नाचायला लागलीत."

"तरी."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बाग बंद का झाली, माहीत आहे तुम्हाला?"

"दुरुस्तीसाठी, असं बागेचे मॅनेजर म्हणाले."

"दुरुस्ती," ते म्हणाले. "घरी या. मी सांगण्यापेक्षा बायकोच्या तोंडून ऐका."

दापोडीला रेल्वेलाइनच्या जवळच त्यांच्या दोन खोल्या होत्या. सुशीलाबाई स्वयंपाक करत होत्या. स्टोव्ह जमिनीवर नव्हता. लाकडी खोक्यावर ठेवला होता, आणि त्या स्टुलावर बसून भाकरी भाजत होत्या. भिंतीला काठी टेकलेली होती. त्यांना खाली बसता येत नाही हे माझ्या लक्षात आलं. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनीच जास्त असेल.

"गुरुवार होता," त्या म्हणाल्या. "मालकांना सुट्टी, म्हणून गेलो. मी नि बारकी पाळण्यात बसलो. हे खाली उभे. पाळणा फिरला नि थांबला. आधी वाटलं, माणसं चढवत्यात. मग ध्यानात आलं, खालची मशीन गप झालीय."

"वीज गेली?"

"गुरुवारी वीज असती कुठं, बाई? जनरेटर बंद पडला." त्यांनी भाकरी उलटली. "ऊन असलं. बारकी रडून रडून काळी-निळी. खालचा माणूस आपला ओरडतोय, बसून राहा, बसून राहा. मी काही अगदी वर नव्हते. एका मजल्याएवढं असंल. यांनी खालून हात वर केले, मी बारकीला सोडली. यांनी झेलली."

ओव्हाळ दारात पाठमोरे उभे होते.

"मग मी उतरायला गेले," त्या म्हणाल्या.

तो गुरुवार काय होता, ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. विजेचा तुटवडा असल्यामुळे कारखान्यांची वीज आठवड्यातून एक दिवस बंद ठेवत. याला स्टॅगरिंग डे म्हणतात. एका भागाची आज, दुसऱ्याची उद्या, म्हणजे सगळा भार एकदम पडत नाही. आमच्या पट्ट्याचा वार गुरुवार. वीजच नाही म्हटल्यावर साप्ताहिक सुट्टीही गुरुवारीच. रविवारी आमचे भोंगे नेहमीसारखे वाजतात. बागेची वीज शेजारच्या कारखान्यांच्याच लाइनवरून घेतलेली होती. म्हणजे गिऱ्हाईक ज्या दिवशी मोकळं, त्याच दिवशी बागेत वीज नाही. मी बघून आले होते रविवारी.

निघताना सुशीलाबाई म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नका तिथं. पोरांचा पाळणा हिच्यापायी गेला, असं लोक म्हणतील. आम्हाला इथंच राहायचंय."

मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बागेत गेले. मॅनेजर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी माझ्यासाठी उसाचा रस मागवला.

"गुरुवारी पाळणा जनरेटरवर चालणार का?" मी विचारलं.

"नवा जनरेटर आहे, मॅडम. एकदम फर्स्ट क्लास."

"तो बंद पडला तर पाळणा हातानं फिरवून लोकांना खाली आणायची सोय आहे का?"

"हँडल ना? ऑर्डर दिली आहे. येईलच."

"कधी?"

"अहो, मोसम संपायच्या आत."

"बाग थोडेच दिवस का उघडताय?"

"परवाना सध्या तात्पुरता आहे. इन्स्पेक्शन व्हायचंय. पण तुम्ही एवढ्या काळजीत का? मागं जे झालं ते त्या बाईंच्या उतावीळपणामुळे झालं."

रस मी अर्धा ठेवला. मला राग आला की मी जास्तच हळू बोलते. "हँडल येईपर्यंत आमच्या लोकांसाठी पाळणा बंद ठेवावा लागेल," मी म्हणाले. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं, कारण त्यांना ऐकू आलं नव्हतं.

साठेसाहेबांना मात्र सगळं नीट ऐकू आलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाळणा बंद? मग आपण पैसे कशाचे देतोय? आरशात वाकडी तोंडं बघायचे?"

"मग दुसऱ्या वारी जाऊ या, सर. वीज असेल त्या दिवशी. फर्स्ट शिफ्टची कुटुंबं दुपारनंतर, सेकंडची सकाळी."

साहेबांनी नानांना बोलावून घेतलं. नाना जुने गाववाले. त्यांच्या वडिलांच्या शेतावर आता दुसऱ्याच कंपनीची शेड उभी होती. त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"न्हाई जमायचं, बाई. शिफ्टवार जायचं म्हंजे त्यो फॅमिली डे कसला? वरीसभर आमी येकमेकाला गेटावर बघतो. येक आत चाललेला, येक भाईर. येका खोलीत ऱ्हाणारी पोरं हायेत, येक उठला की त्याच कॉटवर दुसरा झोपतो. त्यांनी मिळून येक दिस बसून जेवायचं न्हाई व्हय?"

त्यांचं खरं होतं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना एकत्र मिळणारा वार एकच, आणि तो गुरुवार. सुट्टी बदलून घ्यावी तर बदलीच्या कामाच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, कारखान्याला वीज नाही. साहेब जिंकल्यासारखे खुर्चीत मागे टेकले.

"ठरलं तर. गुरुवारी, आणि पाळणा चालू."

"त्यावर माझी सही होणार नाही, सर."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही सांगता येत नाही. वेल्फेअर फंडातून खर्च करायचा तर आमच्या खात्याची शिफारस लागायची. आमचे मुख्य वेल्फेअर ऑफिसर आजारी रजेवर होते. म्हणजे सही माझीच.

"तुमचं प्रोबेशन कधी संपतंय, मिस साळवी?" साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"कारण काय लिहिणार?"

"हँडल नाही, एवढंच."

"कोणी काही सांगितलंय का तुम्हाला?"

"नाही, सर."

साहेबांनी फाइल ओढली. "गुरुवारी, पाळणा बंद. पण हे तुमच्या नावावर. लोकांना तुम्ही सांगायचं."

बागवाल्यांनी तिकिटात एक पैसा कमी केला नाही. पाळणा आम्ही नको म्हणतोय, ते चालवायला तयार आहेत, असं त्यांचं म्हणणं. करारात ते बरोबरही होतं.

त्या गुरुवारी बसमागून बस आली. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. थर्ड शिफ्टची माणसं रात्रभर काम करून, तांबारलेल्या डोळ्यांनी, पोरांना खांद्यावर घेऊन थेट आली होती. पाळण्याला दोर बांधलेला होता. त्याला मॅनेजरांनी पाटी लावली होती : 'कंपनीच्या आदेशावरून पाळणा बंद.'

पाटीखाली मी उभी होते. येईल त्याला सांगत होते, की हातानं फिरवायची सोय नाही, म्हणून बंद.

"आहो, पण मशीन चालूय की! ऐका ना आवाज."

"हो. पण बंद पडलं तर—"

"पडलं तर बघू, बाई. आमी फोर्जिंगवाले हाये. हातानं ढकलू."

"पगारातनं पैसे कापताना काय बंद पडलं नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"मिशनच्या शाळेत शिकल्यात. झाडावरसुदिक चढल्या नसत्याल." हसणं झालं. एक मुलगी पाळण्याकडे बघत रडायला लागली आणि तिच्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला पाटीकडे तोंड फिरवावं लागलं.

ओव्हाळ कुटुंबासह आले होते. सुशीलाबाई लांब, कडुनिंबाखाली पाळण्याकडे पाठ करून बसल्या होत्या. ओव्हाळ एकदा माझ्या दिशेनं निघाले, घोळक्यापर्यंत आले. त्यांना बोलायचं होतं. मी नकारार्थी मान हलवली. ते थांबले आणि परत गेले.

जनरेटर दिवसभर चालला. एकदासुद्धा अडखळला नाही. झुकझुक गाडी फिरत राहिली, लाउडस्पीकर वाजत राहिला. जेवणाच्या पंगती बसल्या. तिन्ही शिफ्टची माणसं खरंच एकमेकांशेजारी बसली, एकमेकांच्या बायकामुलांची ओळख करून घेत होती. ते मी लांबूनच पाहिलं. संध्याकाळी बस भरताना नाना माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"बंद पडला का वो येकदा तरी, बाई?"

"नाही."

"मंग?"

उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं. नाना बसमध्ये चढले.

शेवटच्या बसच्या पायरीपाशी सुशीलाबाई काठी टेकत उभ्या होत्या. ओव्हाळ बारकीला आत बसवत होते. सुशीलाबाई आभार मानतील असं मला वाटलं, आणि लाजही वाटली. त्यांनी तसलं काही म्हटलं नाही.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी पिशवीतून कागदात बांधलेल्या दोन पुऱ्या आणि बटाट्याची भाजी काढून माझ्या हातात दिली. मी ते तिथंच उभ्यानं खाल्लं.

माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. मग मी कायम झाले. बागेचा परवाना पुढे कायम झाला नाही, ती पुन्हा बंद झाली. का, ते मला कळलं नाही. कारखान्यात मात्र पाळणा बंद करणारी बाई हे नाव मला वर्ष-दीड वर्ष चिकटलं होतं. तिकीट त्या किमतीचं होतं का, याबद्दल मी रिपोर्टात 'नाही' असं लिहिलं. पाळणाच बंद म्हटल्यावर पैशांच्या हिशेबानं ते खरंच होतं.

आता माझ्या हाताखाली एक नवी मुलगी आली आहे. कामाचं चीज झालं हे कसं ओळखायचं, असं तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी तिला सांगितलं, लोक आपल्यावर चिडलेले असले आणि सगळे धडपणे घरी पोचले, तर तो दिवस चांगला गेला असं समजायचं. पुरावा मागू नये. तो मिळत नाही.