धुरातलं बियाणं

महाराष्ट्र नवानवा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. उंद्रीकडच्या आमच्या खेड्यात वडिलांच्या ज्वारीच्या बियाण्याला मोठा मान होता. निवडक कणसांच्या जुड्या ते चुलीच्या वर, आढ्याला टांगत. वर्षभर धूर खाऊन कणसं काळी पडत, पण त्यांना कीड म्हणून लागत नसे. हा मोलाचा धूर वाया जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. छपराच्या कवेलूंच्या फटीसुद्धा त्यांनी मातीने लिंपून घेतल्या होत्या.

त्या धुराखाली आई बसायची. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या की तिची छाती भात्यासारखी वरखाली होई. "पोरी... मीठ." मग श्वास. "आण." नातेवाईक तिच्या शांत स्वभावाचे दाखले आपापल्या सुनांना देत.

त्या हिवाळ्यात धाप फारच वाढली. शेजारच्या काकूंनी आधी नजर पाहिली. मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या, ठसका लागला नाही तर नजर. आई तर मिरच्या पडायच्या आधीच खोकत होती.

"नजर नाही बाप्पा," काकूंनी निकाल दिला. मग डॉक्टरशिवाय इलाज उरला नाही.

चिखलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली. "हिला धुरापासून लांब ठेवा. नाहीतर ही बाई फार दिवस काढणार नाही."

परतताना बैलगाडीत वडील धुमसत होते. "धुरानं बियाण्याले कीड लागत नाही, अन् माणसाले दमा लागन काय? काईबी सांगतात शिकलेले लोकं!"

मला असा राग आला की आयुष्यात पहिल्यांदा बापाला उलटून बोलले. "मंग तुमीच बसा चुलीपुढं."

"बसतो! त्यात काय हाय?"

दुसऱ्या दिवशी खरंच बसले. मी भाकरी थापून देत होते, ते भाजत होते. दुसरी भाकर तव्यावर पडेपर्यंत टिकले. मग डोळे चोळत, खोकत अंगणात गेले आणि ओट्यावर बसून धापा टाकू लागले. आई खाटेवरून पाहत होती. मग त्यांनी शिडी लावली आणि चुलीच्या वरचे छपराचे चार कवेलू काढले.

मृगाच्या पेरणीआधी जुड्या उतरवल्या, तर किडीने अर्ध्या कणसांचं पीठ केलेलं. वडिलांचं तोंड पाहवत नव्हतं. आई सूप घेऊन निवडायला बसली आणि सुरू झाली, "एवढं सोन्यासारखं बियाणं वाया घातलं तुमी, कवेलू काढाचे होते त जुड्या दुसरीकडं टांगता येत नोत्या काय, आता कोन्या तोंडानं लोकाईच्या दारात बियाणं मांगाले जासान अन् गाव काय म्हनन!"

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. तिचं एवढं लांब बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मध्ये ती एकदाही थांबली नाही.

वडील मान खाली घालून ऐकत होते. "बोल," ते म्हणाले, "आनखी बोल."