मेव्हण्याच्या घाटावरचा मुक्काम

बायको जाऊन अकरा महिने झाले होते, तेव्हा कॉलेजचे खेळाचे सर घरी आले. पोरं-पोरी होड्या घेऊन वारणेतनं चार दिवस जाणार होती. दिवसभर वल्हं मारायचं, संध्याकाळी काठाला तंबू ठोकायचे, सकाळी पुढं. नदी माहीत असलेला आणि दोन वेळचं रांधणारा एक माणूस त्यांना पाहिजे होता. पूल व्हायच्या आधी तीस वर्षं मी आमच्या गावची नाव चालवली. शाळा चौथीपर्यंत, पण वारणेचं पात्र मला पाठ आहे.

सर म्हणाले, "वय झालंय, जमंल का?"

"घरात बसून तरी काय जमतंय?" मी म्हणालो.

खरंच जमत नव्हतं. दोन माणसांचा भात टाकायची हाताची सवय जात नव्हती. रोज उरायचा, दुसऱ्या दिवशी तोच शिळा खायचा.

धरणाच्या खालनं निघालो. सात होड्या. पोरं त्यांना कनू म्हणत. लांबट, हलकी, दोन माणसांची वस्तू. दोघांनीही एकाच दिशेला तोंड करून बसायचं. पहिल्या दिवशी मी सवयीनं उभा राहिलो आणि होडी उलटली. आमची नाव उभ्यानंच चालवायची, बांबू रेटत. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून बरं. माझ्या होडीतली पोरगी हसून हसून खोकायला लागली.

"आजोबा, तुम्ही नावाडी हुता म्हणं?"

"व्हय. पर ती नाव हुती. ही पीठ मळायची काटवट हाय तुझी."

ती पुढं बसायची, मी मागं. दिवसभर तिची वेणी बघत वल्हं मारायचं. नावेत माणसं माझ्याकडं तोंड करून बसायची. कुणाची सून बाळंत झाली, कुणाची म्हैस आटली, सगळं कळायचं. इथं पुढच्याची पाठ. पाठीशी काय बोलणार? पोरं ह्या होडीतनं त्या होडीत ओरडत, गाणी म्हणत, आणि मी आपला गप. बंधाऱ्यांना फळ्या घातलेल्या, त्यामुळं पाणी जागच्या जागी फुगून बसलेलं. ओढ अशी नाहीच. बंधारा आला की होड्या बाहेर काढायच्या, खांद्यावर घेऊन उसाच्या बांधानं पलीकडं न्यायच्या, परत सोडायच्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी मोबाईलवर नकाशा दाखवला. "उद्याचा मुक्काम इथं. घाट बांधलेला आहे, जागा चांगली आहे."

ते माझ्या बायकोचं माहेर.

आमच्यात बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भाऊ घेऊन येतो, ते तिच्या अंगावर घालतात आणि मग उचलतात. तिचा भाऊ लुगडं घेऊन निघाला होता. वाटेत त्याची गाडी पंक्चर झाली. फोन आला, अर्धा तास थांबा. भावकीतले म्हणत होते, दिवस कलतोय. मी थांबलो नाही. मीच म्हणालो, उचला. तो मसणवाटीत पोचला तेव्हा चिता पेटली होती. कुणाशी न बोलता लुगड्याची पिशवी काखेत घेऊन तो माघारी गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध होतं. माहेरचं माणूस नसेल तर ते कसलं श्राद्ध? पण बोलवायचं कुठल्या तोंडानं?

मी सरांना म्हणालो, "तिथं नको. मगर हाय तिथं."

सर दचकले. पोरं मात्र उठून उभी राहिली. "मगर? केवढी, आजोबा? तुम्ही बघितलीया?" म्हातारा अडवायला गेला आणि पोरांना पंख फुटले. सरांचंही त्यांच्यापुढं काही चाललं नाही. तिसऱ्या दिवशी सातही होड्या शर्यत लावल्यासारख्या सुटल्या. दुपारी तीनलाच आम्ही त्या घाटाला लागलो.

घाटावर एक माणूस गुडघाभर पाण्यात म्हैस धूत होता. पोरांनी त्यालाच हाक मारली. "काका, मगर कुठं असती हो?"

"मगर? माझी म्हस रोज दोन तास हितं बसती. तिला इचारा."

"आमचे आजोबा म्हणाले."

"कंचं आजोबा?"

पोरीनं वल्ह्यानं माझ्याकडं दाखवलं. तो माझा मेव्हणाच होता. त्यानं मान वळवली. माझ्या अंगात नारिंगी जॅकेट, डोक्याला टोपी, तरी त्यानं मला ओळखलं.

"पावणं," तो म्हणाला, "नदीवर जलम गेला, आन पोरास्नी फसवतासा?"

चाळीस वर्षं तो मला दाजी म्हणायचा. पावणं तर वाटंवरच्या कुणालाही म्हणतात.

पोरगी हळूच म्हणाली, "आजोबा, थाप मारली व्हय?"

"मारली."

पोरं तंबू ठोकायला गेली. मी चूल मांडली. म्हैस बांधून तो आला आणि माझ्यापासून चार हातांवर उकिडवा बसला. मी चहा दिला. त्यानं कप घेऊन भुईवर ठेवला.

"येवढी काय घाई हुती?" तो म्हणाला. "पल्याडनं कुणीबी हाळी दिली तर नाव माघारी न्यायचासा. एका माणसासाठी. मीच आलोय कितीदा तसा. आन त्या दिवशी माझ्यासाठी अर्धा तास न्हाय?"

दिवस कलला होता, भावकी मागं लागली होती, ही उत्तरं मी वर्षभर घोकली होती. त्यातलं एकही तोंडातनं निघालं नाही.

"तिचं तोंड बघवंना मला," मी म्हणालो. "आणखी अर्धा तास बसलो असतो तर मी उठलोच नसतो. तुझी आठवण न्हाई झाली. माझंच बघितलं मी."

तो काडीनं भुई उकरत बसला.

"लुगडं हाय?" मी विचारलं.

"हाय. पेटीत. द्यायचं कुणाला आता?"

मी म्हणालो, "पुढल्या म्हैन्यात वर्षश्राद्ध हाय. तू ये."

"बघू." गार झालेला चहा त्यानं एका घोटात संपवला आणि तो गेला.

थोड्या वेळानं त्याच्या घरनं दुधाची किटली आली. आणणारी बाई म्हणाली, "पोरांसाठी हाय." मी पोरांना दुधाचा चहा केला. माझा कोराच घेतला.

चौथ्या दिवशी होड्या सोडल्या तेव्हा घाटावर कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं पोरीनं विचारलं, "ते कोण हुते?" मी सांगितलं, आणि लुगड्याचंही सांगितलं. ती वल्हं आडवं टाकून माझ्याकडं तोंड करून बसली. होडी हलायला लागली. "सरळ बस, उलटंल," मी म्हणालो. ती बसली नाही. बंधारा येईपर्यंत मी एकट्यानंच वल्हं मारलं.

वारणानगरच्या अलीकडं आम्ही बाहेर पडलो. सरांनी मला घरी सोडलं. कुलूप उघडलं, एका माणसाचा भात टाकायला घेतला, त्याचाही अंदाज चुकला.

आता श्राद्ध शनिवारी आहे. भटजींना सांगून ठेवलंय, मेव्हणा आल्याबिगर काही सुरू करायचं नाही. ते म्हणाले, वेळ निघून जाईल, माणसं जेवायची थांबतील. म्हटलं, थांबू देत. ज्यांना घाई असेल त्यांनी उठून जावं. मेव्हण्याला दोनदा फोन लावला. वाजतो, उचलत नाही. आज परत लावणार आहे.