मिशीचा बेलभंडार

पागेतले स्वार श्रीपतराव शेडगे यांच्या मिशीवर लिंबू उभं राहतं, अशी बडोद्यात वदंता होती. लिंबू कोणी ठेवून पाहिलं नव्हतं, कारण श्रीपतराव मिशीला हात लावू देत नसत. अपवाद एकच, त्यांची सात वर्षांची कुसुम. ती मांडीवर बसून दोन्ही बाजूंनी मिशीचे लगाम खेचायची, आणि दसऱ्याच्या सवारीत पहिल्या रांगेत घोडा नाचवणारा हा गडी घरात तिचा घोडा व्हायचा.

ज्या वर्षी महाराजांनी राज्यभर मुलींनाही शाळेत घालण्याचा हुकूम काढला, त्याच वर्षी कुसुम तापाने फणफणली. वैद्य झाले, डाक्टर झाले. शेवटी श्रीपतराव घराला लागून असलेल्या खंडोबाच्या देवळात आडवे पडले आणि मोठ्यानं बोलून बसले, "देवा मल्हारी, पोरीला उठव! माझं जे सगळ्यात लाडकं, ते तुला वाहीन!"

आठवडा उलटायच्या आत पोर उठून भाकरी मागू लागली. नवसाची गोष्ट ऐकून बायको जिजाबाईंनी मात्र कपाळावर हात मारला. "अहो, बोकड बोलायचा, नारळाचं तोरण बोलायचं! असा मोघम नवस कोणी बोलतं का?"

दत्तोबा गुरव काही वाईट माणूस नव्हता, पण देवाच्या वतीनं सूट द्यायची त्याला सवय नव्हती. "राव, तुमचं सगळ्यात लाडकं काय, हे आळीतलं कुत्रंसुद्धा सांगेल," तो म्हणाला. "पोर देवाला सोडा. मुरळी होईल."

मुरळी म्हणजे देवाशी लग्न लावलेली पोर. जन्मभर देवापुढे गायचं, नाचायचं, स्वतःचा संसार म्हणून कधी मांडायचा नाही.

श्रीपतरावांना दरदरून घाम फुटला. पोर द्यावी तर पोर गेली. नवस बुडवावा तर ज्यानं ताप उतरवला तोच पुन्हा चढवणार, म्हणजे तरीही पोर गेली. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांची खंडोबावर इतकी श्रद्धा, की त्याच्या तावडीतून सुटायची वाटही त्यांनी त्यालाच हात जोडून विचारली.

रविवारी भरल्या देवळात ते उभे राहिले आणि मिशीवर बोट ठेवून म्हणाले, "माझं सगळ्यात लाडकं ते हे!"

सारी आळी हसली. गुरव हसला नाही. "पोरीपेक्षा?"

"पोरीपेक्षा. पोरी म्हणजे परक्याचं धन. मिशी माझी आहे."

"मग उचला बेलभंडार."

बेलाचं पान आणि भंडाऱ्याची हळद हातात घेऊन जो खोटं बोलतो, त्याला खंडोबा सात जन्म सोडत नाही, हे श्रीपतराव आईच्या दुधाबरोबर शिकले होते. तरीही त्यांनी बेलभंडार उचलला आणि देवाच्या डोळ्यांत डोळे घालून खोटी शपथ घेतली. जिजाबाईंच्या पदराआडून कुसुम सगळं ऐकत होती.

गोवन न्हाव्यानं वस्तरा हातात घेतला आणि त्याचेच डोळे भरून आले. "राव, बापुजी क्यारे गया?" बाप गेल्याशिवाय मराठा गडी मिशी उतरवत नाही, एवढं त्या गुजराती माणसालाही ठाऊक होतं. पागेतल्या मंडळींनीही तोच अर्थ काढला आणि तोंडं पाडून ती समाचाराला आली. ओट्यावर श्रीपतरावांचे वडील बळवंतराव पोहे खात बसले होते. "कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कळल्यावर म्हातारा महिनाभर लेकाशी बोलला नाही. दसऱ्याला जमादारानं त्या गुळगुळीत तोंडाला पहिल्या रांगेतून उचलून पार हत्तींच्या मागे धाडलं. तिथून सवारी कमी आणि लीद जास्त दिसते.

पण खरा घाव वेगळाच होता. कुसुम मांडीवर येऊन बसली आणि खेचायला लगाम नाहीत हे पाहून तिनं विचारलं, "आबा, खरंच मिशी जास्त लाडकी होती?"

"नाही" म्हणावं तर भिंतीपलीकडे खंडोबा. "हो" म्हणायला जीभ वळेना. श्रीपतरावांनी नुसता तिचा हात धरून आपल्या ओठावरून फिरवला. पोरीला काय उमजलं कोण जाणे.

त्यानंतर श्रीपतराव रोज मिशी काढत राहिले. वाढली तर केलेलं दान परत घेतल्यासारखं होईल, असं लोकांना सांगत. कुसुम शाळेत गेली, मोठी झाली, आणि लग्न होऊन जवळच्या पादरा गावी चांगल्या घरात पडली. निघताना पाया पडून ती त्यांच्या कानाशी लागली. "आबा, मला तेव्हाच कळलं होतं. आता वाढवा मिशी. मी गेले आता देवाच्या हातातून."

श्रीपतराव लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवननं साबण लावता लावता विचारलं, "राव, हवे तो राखवी छे ने?" आता तरी मिशी ठेवायची ना?

श्रीपतरावांनी देवळाच्या भिंतीकडे पाहिलं. मग गोवनची मान खाली ओढून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ते खरं बोलले आणि तेही अगदी हळू.

"काढ. पोर सासरी गेली, पण सगळ्यात लाडकी अजून तीच आहे. मिशी दिसली तर त्याला आठवेल."