बेंचवरचं निरांजन

विनीताचा राग सासरी प्रसिद्ध होता. पण मेलबर्नच्या त्या लॉकडाऊनमध्ये ती रागावली नसती, तर तिला देव्हाऱ्यातच बसवावं लागलं असतं.

वेरिबी या उपनगरातलं घर. एका खोलीत नवऱ्याचं, शैलेंद्रचं, ऑफिस, दुसरीत मुलीची, चारुताची, ऑनलाइन शाळा. विनीता मात्र पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिफ्टला जायची, गालांवर मास्कचे वळ घेऊन परतायची आणि दारातच ऐकायची, "आज जेवायला काय?" स्वतःची म्हणावी अशी तिची एकच गोष्ट होती, नेमबाजी. दर रविवारी क्लबच्या रेंजवर जाऊन ती रायफल चालवायची, रीतसर लायसन्सवर. आता रेंजला टाळं. मग तिने ठरवलं, रेंज उघडेपर्यंत गॅरेजमध्ये बसून आपली काडतुसं आपणच भरायची. रिकाम्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, बंदुकीची दारू तोलून घालायची, प्रेस नावाच्या दाबयंत्राचा दांडा ओढून गोळी बसवायची. त्यासाठी एक भक्कम बेंच, म्हणजे कामाचं टेबल, हवं होतं. बाईचं मागणं एवढंच.

"तू टेन्शन घेऊ नकोस, मी बघतो," शैलेंद्र म्हणाला, आणि तिथेच माती झाली. त्याने सेलमधून खोक्यातलं जोडायचं टेबल मागवलं. दांडा ओढला की ते टेबल उड्या मारायचं आणि तराजूचा काटा नाचायचा. अहो, दारू चुकून जास्त पडली तर बंदूक हातात फुटायची! "भिंतीला ठोकून टाकू, नो वरीज," म्हणत साहेबांनी ड्रिल घेतलं. पुण्यात आईच्या स्वयंपाकघरात फळ्या ठोकल्या होत्या, तशीच दिसेल तिथे भोकं पाडली. पुण्याची भिंत विटांची. इथली म्हणजे नुसती प्लास्टरची पातळ फळी, मागे सगळं पोकळ. पहिल्याच झटक्याला ब्रॅकेट भिंतीचा लचका घेऊन बाहेर आलं.

"भिंतच चीप आहे," शैलेंद्र म्हणाला.

"भिंतीला नावं ठेवू नकोस. इतकी वर्षं राहतोस या घरात, आत काय आहे ते एकदा बघितलंस?"

मग तिनेच कंबर कसली. हार्डवेअरच्या दुकानात आत सोडत नव्हते, म्हणून ऑर्डर देऊन पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून जाड लाकूड घेतलं. नारळ वाजवून बघावा तशी भिंत ठोकत, कान लावून आतले लाकडी खांब शोधले आणि बोल्ट थेट त्यांत बसवले. खालच्या फळीवर वजनाला विटा रचल्या. दांडा ओढला. बेंच तसूभरही हललं नाही. विनीता एकटीच हसली, कितीतरी दिवसांनी.

पण तिचं सुख कोणाला बघवतंय! बेंचवर कधी इस्त्रीचे कपडे, कधी तांदळाची गोणी. "इथे काही ठेवायचं नाही" हे सांगून सांगून तिचा घसा बसला. आणि एक दिवस शैलेंद्र बेंचवर थाप मारत म्हणाला, "काय सॉलिड केलंयस गं! माझे दोन्ही मॉनिटर मस्त बसतील. दसरा झाला की शिफ्ट करू. तुझं काय, रेंज तर बंदच आहे." विचारलं नाही, ठरवूनच टाकलं.

"हात लावून तर बघ," विनीता म्हणाली. त्याला ती थट्टा वाटली.

दसऱ्याला दुपारी ती बेंचपाशी बसली होती. फोनवर पुण्याहून सासूबाई, "सणासुदीचं गॅरेजमध्ये काय करतेस गं? पुऱ्या कोण तळणार?" शैलेंद्रच्या हाकांवर हाका. उठायचं तर आधी दारू डब्यात आणि डबा कुलपात, हा तिचा नियम. त्या दिवशी वैतागून तशीच उठली. तोललेली दारू वाटीत उघडी राहिली.

निम्म्या पुऱ्या झाल्या तोच चारुता धावत आली. "मम, कम अँड सी! डॅडने तुझ्या बेंचवर शस्त्रपूजा मांडलीय!"

"दिवा लावलाय?"

"ऑफ कोर्स!"

गॅस बंद करून विनीता धावत सुटली. प्रेसला हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि दारूच्या वाटीपासून वीतभर अंतरावर तेवणारं निरांजन. शैलेंद्र फोन धरून कौतुकाने दाखवत होता, "बघ आई, आमच्या घरची रणरागिणी..."

विनीताने निरांजन उचललं, लांब नेलं आणि वात चिमटीत धरून विझवली. बोटं भाजली.

"अगंबाई! दसऱ्याला दिवा विझवलास?" सासूबाई ओरडल्या.

"हो, विझवला! त्या वाटीत बंदुकीची दारू आहे, आई. ठिणगी पडली असती तर तुमच्या मुलाचं तोंड तुम्हाला दाखवायच्या लायकीचं उरलं नसतं!"

शैलेंद्र पांढराफटक पडला. "मला काय माहीत? तू इथे असतीस तर..."

"मी इथेच होते! पुऱ्या तळायला उठवलंत तुम्ही मला. दारू उघडी टाकली ही चूक माझीच, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतोय. पण बेंचला हळदकुंकू वाहता आणि त्यापाशी बसणारीला घटकाभर बसू देत नाही, ही कसली रे पूजा? मॉनिटर हवेत ना ठेवायला? ठेव त्या तुझ्या डुगडुगत्या टेबलावर! हे बेंच माझं आहे!" तिचा आवाज फाटला.

मग सासूबाई म्हणाल्या, "शैलेंद्र, पुऱ्या तू तळ."

तो गेला. विनीताने दारू डब्यात भरली, डबा कुलपात ठेवला, फुलं गोळा केली आणि प्रेसवरचं कुंकू पुसलं. मग रिकाम्या पुंगळ्या पुढ्यात ओढून एकेक साफ करायला बसली. भाजलेली बोटं ठणकत होती. थोड्या वेळाने आतून पुरी करपल्याचा वास आला, पाठोपाठ शैलेंद्रची हाक आली, "विनीता, अगं, जरा येतेस का?"

विनीता उठली नाही.