आत्याची सर्दी

बारशाच्या दिवशी सकाळीच मला शिंका सुरू झाल्या. भावाला किती वर्षांनी मुलगी झालेली, आणि मी एकुलती एक आत्या. पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव सांगायचा मान माझा. महिनाभर त्याच तोऱ्यात होते, नि नेमकी आजच माशी शिंकली!

नवघरच्या माझ्या घरात येरझारा घालत मी स्वतःचीच तपासणी चालवली. हिंगाची डबी नाकाशी धरली. वास आला. कोविडमध्ये माझं नाक मोकळं असूनही वास गेला होता, म्हणजे हा तो नव्हे. फ्लूने मागच्या वर्षी भर दुपारी आडवं केलं होतं, हाडन् हाड ठणकत होतं. आज ताप नाही, अंगदुखी नाही. घसा खवखवतोय, नाक गळतंय, बस. साधी सर्दी! साडी नेसले. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून डॉक्टरांना फोन लावला.

"हिंगावरून कोविड ठरत नाही," ते म्हणाले. "आणि तुमची साधी सर्दी एवढ्याशा बाळाच्या छातीत उतरू शकते. मग दूध ओढवत नाही, श्वास घेताना बरगड्या आत जातात."

मला त्यांचा रागच आला. मास्क लावून जेसल पार्कमधलं भावाचं घर गाठलंच.

दारातच वहिनीने बाळ पुढे केलं. "घ्या ताई, तुमचीच वाट बघतोय." माझे हात पुढे गेलेसुद्धा. झबल्याखाली ती इवलीशी छाती भराभर वरखाली होत होती. मी मागे सरले.

"मला सर्दी झालीय गं."

आई आतून ओरडली, "सर्दीच ना? आमच्या वेळी अख्खी आळी शेंबडी असायची, पोरं मोठी झालीच की!"

 वहिनीने बाळाला घट्ट जवळ घेतलं.

नाव मी जिन्यात उभं राहून फोनवर सांगितलं. भावाने फोन पाळण्याशी धरला. आत 'कुर्र' झालं, बायका हसल्या. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आमच्यात रीत. ते माझ्याऐवजी आईच्या पाठीत पडले. मला रडू आलं, आणि नाक आणखीच गळायला लागलं.

निघताना वहिनी दारात आली. लांबूनच म्हणाली, "फोनवरचं मी धरत नाही, ताई. बऱ्या झालात की कानात सांगायला या. धपाटे मी घालणार."

पुढचे दिवस मी सकाळ-संध्याकाळ फोन करून एकच विचारायचे, "दूध ओढतेय ना?"

"ओढतेय," वहिनी म्हणायची. "तुमचं नाक काय म्हणतंय?"